साखरबाईचं घट्ट झाकण

न्हावऱ्यात साखरबाईला न भिणारा एकच जीव होता, तिचा नवरा भैरू. आणि त्याचं न भिणं म्हणजे तरी काय, ती बोलायला लागली की बहिऱ्यासारखं आभाळाकडं बघत बसायचं. बाकी डेअरीवाला तिच्या दुधाला फॅट कमी लावताना दोनदा विचार करायचा, आणि दारचा टिप्या कुत्रा तिची चाहूल लागली की तोंडातला घास टाकून उभा राहायचा. यंदाच्या चैत्रात या भिणाऱ्यांत एकाची भर पडली. ट्रकाची.

"मला बघितलं की मुकाट चालू हुतंय ते," साखरबाई डेअरीच्या ओट्यावर कॅन टेकवून सांगायची. "मच्छिंद्र मिस्त्री दोन तास त्याच्या पोटात हात घालून बसतोय, तरी ढिम्म. मी जाती, दोन शब्द सुनावती, की लागलं घुरघुरायला. शेवटी गड्याचीच जात. गोडीनं सांगून कळतंय व्हय?"

ओट्यावरच्या बाया हसायच्या. पण तीनदा असं घडलं होतं आणि तिन्ही वेळा चार माणसांनी बघितलं होतं, त्यामुळं हसून झाल्यावर मानही डोलवायच्या.

हा ट्रक भैरूनं केलेला होता. घेतलेला नव्हे, केलेला. सांगाडा लिलावातल्या एका गाडीचा, इंजिन मोडीत निघालेल्या बसचं, डिझेलचा पंप तिसऱ्याच कुठल्या गाडीचा. मूळची टाकी गंजून फुटली तेव्हा भैरूनं एक बॅरल आडवं करून लोखंडी पट्ट्यांनी आवळलं, आणि त्याला तोंड पाहिजे म्हणून दुधाच्या जुन्या कॅनचा गळा कापून वर वेल्ड केला. झाकणही कॅनचंच. कुणी हसलं की भैरू म्हणायचा, "नांदतंय ना? मग गोत्र कशाला इचारता?" आणि ट्रक खरंच नांदत होता. भीमेपलीकडं, दौंड तालुक्यातल्या केडगावच्या गुऱ्हाळांना ऊस पोचवण्यात बारा वर्षं गेली, कुठं अडला नाही.

मग भैरूच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. पोटी एकच लेक, प्रगती. ती कवठे येमाईला दिलेली. जावई विक्रम ट्रक चालवायला म्हणून 'दोन महिन्यांसाठी' प्रगतीला घेऊन आला, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. पोरगा कामाचा, बोलायला मऊ, सासूला 'मामी' आणि सासऱ्याला 'मामा' म्हणताना मान खाली. साखरबाई त्याला 'पाव्हणं' म्हणायची. तिच्या तोंडून पाव्हणं हा शब्द मानाचा निघतोय की चिमट्याचा, हे ऐकणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर ठरवायचं.

चिमटा दिवाळीनंतर सुरू झाला. दिवाळीत मच्छिंद्रनं ट्रकाचा पंप उतरवून साफ केला आणि परत बसवला. त्यानंतर ट्रक काळा धूर ओकायला लागला, चढाला दमायला लागला आणि डिझेल प्यायला लागला. धुराशी आणि दमाशी साखरबाईला देणंघेणं नव्हतं, ती काही ट्रकात बसत नव्हती. तिला दिसायची फक्त कामटी. बांबूच्या एका कामटीवर तिनं विळ्यानं खाचा पाडल्या होत्या. सकाळी ट्रक निघताना आणि परत आल्यावर ती कामटी टाकीत बुडवून बघायची. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती, पण खाचा मोजायला दुसरीसुद्धा लागत नाही. केडगावच्या एका खेपेला पूर्वी डिझेल दोन खाचांनी उतरायचं, आता तीन.

एक खाच डिझेल रोज कुठं जातंय?

जावयाला चोर म्हणायची सोय नसते. त्यामुळं साखरबाई म्हणाली, "पाव्हणं, उन्हाळा लई हाय. आपल्या ट्रकालाबी तहान लागत आसंल न्हाई?"

"व्हय मामी," विक्रम म्हणाला. "डिझेल जास्तच खातोय. मिस्त्रीला दाखवायला पायजे."

"दाखवा की. आन् रस्त्यात कुणी पाजत आसंल तर त्येबी बघा."

विक्रमचे कान लाल झाले. पण तो बोलला नाही, जेवणाचा डबा उचलून गेला. न बोलणारा माणूस साखरबाईला कायम गुन्हेगारच वाटायचा. भैरूच्या संसारात तिला ती सवय लागली होती.

तिनं मग जावयाला न दुखवता बंदोबस्त करायचं ठरवलं. टाकीवरचं झाकण काढून पहिल्यांदाच नीट निरखून बघते तर काय, झाकणाला मधोमध खिळ्याएवढं भोक! चाळीस वर्षं दुधात काढलेली बाई ती. पाच कोस गचक्यातून कॅन गेला तरी तिच्या कॅनातला थेंब बाहेर पडत नाही असा लौकिक, आणि तिच्याच दारच्या ट्रकाला भोकाचं झाकण. तिनं ते टिप्याच्या भाकरीला लावून दिलं. घरातलं नवं झाकण घेतलं, त्याला जाड रबराची चकती चढवली, शिरूरला नेऊन कडी-कोयंडा मारून आणला आणि वर कुलूप. किल्ली कनवटीला. झाकण बसवलं तेव्हा असं बसलं की दोन हातांनी पिळल्याशिवाय हलेना.

"रस्त्याला चोर लई झाल्यात पाव्हणं," ती म्हणाली. "तुमची झोप मोडायला नको."

विक्रम डबा हातात धरून कुलपाकडं बघत राहिला. प्रगती दारात होती. तिनं आईकडं बघितलं, आणि साखरबाईनं नजर चुकवून कनवटीची किल्ली पुन्हा चाचपली. पण ती मागं फिरणाऱ्यांतली नव्हती.

भैरूला यातलं काही दिसलं नाही. दौंडला एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला नाही तोवर दुसऱ्याचं झालं, आणि डॉक्टरनं धुळीला नि उन्हाला सक्त मनाई केलेली. तो काळा चष्मा लावून पडवीत बसायचा, ट्रकाजवळ जायची बंदी.

आणि कुलूप लागल्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रक पहिल्यांदा रस्त्यात बंद पडला.

बंद पडायची तऱ्हाही अशी, की वीस-बावीस मिनिटं बरा चालायचा, मग आचके देत देत उभा. टाकी भरलेली असली की लवकर रुसायचा, अर्ध्या पोटी जरा उशिरा. मच्छिंद्र मोटरसायकलवर यायचा, फिल्टर खोलायचा, "एअर घेतलीया" म्हणायचा, पंपाजवळचा नट सैल करून हातानं डिझेल ओढायला बघायचा. डिझेल येईना. मग साखरबाईला फोन जायचा. ती प्रगतीच्या स्कूटीवर मागं बसून यायची, आणि यायची ती एकाच शंकेनं, की डिझेल संपलंय म्हणजे कुणीतरी संपवलंय. उतरल्या उतरल्या कनवटीची किल्ली काढून कुलूप खोलायची, झाकण पिळून उघडायची, कामटी बुडवायची. डिझेल असायचं. मग आपण आलो ते काय उगीच, म्हणून ट्रकाच्या बॉनेटवर चापट मारून ती त्याचा उद्धार करायची. मच्छिंद्र शेवटचा एकदा हातानं पंप मारायचा, विक्रम सेल्फ मारायचा, आणि ट्रक चालू.

मच्छिंद्र म्हणायचा माझ्यामुळं. साखरबाई म्हणायची माझ्यामुळं. गावानं साखरबाईचं ऐकलं, कारण ती मोठ्यानं सांगत होती.

त्यातच अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. साखरबाई तांदूळ भिजवत होती आणि प्रगती शेजारी गूळ चिरत बसली होती. चिरता चिरताच म्हणाली,

"आये, धोंड्याचं जेवण झालं की आमी कवठ्याला जाणार."

"जा की. चार दिस सासूला भेटून ये."

"चार दिस न्हाई. कायमचं. ह्यांनी रांजणगावात एका कंपनीत काम बघितलंय. कवठ्यावरनं बस येती."

साखरबाईचा हात तांदळातच राहिला. "आन् ट्रक?"

"तुला भितोय ना? तूच चालव."

असलं उत्तर साखरबाईनं आजवर दुसऱ्यांना दिलं होतं, तिला कुणी दिलं नव्हतं. तिनं पाणी निथळवत तांदूळ उपसले. दीड वर्षात पहाटेची धार काढताना गोठ्यात दुसऱ्या बादलीचा आवाज असायचा, त्याची सवय झाली होती. तो आवाज आता जाणार. एका कुलपापायी. पण कुलूप काढायचं म्हणजे आपण चुकलो असं म्हणायचं, आणि खाचा तर खोटं बोलत नव्हत्या.

"त्यो गेला तर गेला," ती तांदळाला म्हणाली. "पर चोर म्हणून गेला असं लोकांनी म्हणायला नको. मी सोता बघती काय हाय त्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाचा ट्रक निघाला तेव्हा केबिनमध्ये तिघं होते. विक्रम स्टिअरिंगवर. मध्ये मच्छिंद्र मिस्त्री, मांडीवर पान्यांची पिशवी घेऊन, कारण साखरबाईनं त्याला घरातून उठवून आणलं होतं. आणि खिडकीशी साखरबाई, हातात कामटी, एखाद्या फौजदारासारखी.

"काकू, तुमी बसलाय म्हणल्यावर आज काय बंद पडत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

"टोमणा मारतोस व्हय रं?"

"न्हाई बा. माझंबी काम वाचंल, म्हणून म्हणलं."

"तुझं काम दिवाळीपास्नं वाचलेलंच हाय. पंप बसवलास तवापास्नं ट्रक चूल पेटल्यागत धूर सोडतोय."

मच्छिंद्रनं विक्रमकडं बघितलं. विक्रमनं रस्त्याकडं. पण साखरबाईला त्याच्या मिशीखाली हसू दिसलं, कितीतरी दिवसांनी दिसलं, आणि तिला उगीचच बरं वाटलं. लगेच तिनं ते खिडकीबाहेर थुंकून टाकलं.

भीमेचा पूल ओलांडला आणि ट्रकानं आचका दिला. मग दुसरा. साखरबाईनं डॅशबोर्डवर चापट मारली. "ये! मी हाय इथं!" ट्रकाला तिची काही पर्वा दिसली नाही. विक्रमनं कसाबसा कडेला घेतला आणि इंजिन विझलं.

मागं उसाची मोळी सरकल्याचा आवाज आला.

"काकू," मच्छिंद्र खाली उतरत म्हणाला, "आज भ्याला न्हाई बगा."

"तू आदी पाना धर, मग दात काढ."

मच्छिंद्रनं फिल्टर खोलून बघितला, स्वच्छ. नट सैल करून हातपंप मारला, तर दांडा दाबला की कुणीतरी आतून ओढून धरल्यासारखा जड, आणि डिझेलचा पत्ता नाही. तो डोकं खाजवत उभा राहिला. तेव्हा विक्रम म्हणाला, "मिस्त्री, टाकी बाजूला ठिवून बघू या का एकदा?"

त्यानं मागच्या सीटखालून पाच लिटरचा डिझेलचा डबा काढला, आरशाच्या दांडीला टांगला आणि त्यात एक नळी सोडून तिचं दुसरं टोक पंपाला जोडलं. टाकीशी संबंधच नाही. सेल्फ मारला. ट्रक लागला, आणि लागला तो बंदच पडेना. धूर काळा, आवाज जाडा, पण चालू. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"म्हंजी पंपात दोष न्हाई," विक्रम म्हणाला. "टाकीपास्नं पंपापतूर डिझेल येत न्हाई, एवढंच हाय."

साखरबाई ऐकत होती. जावई एवढं बोलतो हे तिला माहीत नव्हतं.

विक्रम वाकून टाकीजवळ गेला. हात फिरवला. "मामी, ही टाकी बघा."

बॅरलची बाजू आत गेली होती. भाकरीच्या परातीएवढा खळगा. साखरबाईला तो खळगा ठाऊक होता, मागच्या खेपेला तिनंच म्हटलं होतं, "पाव्हणं, दगडाबिगडाला घासली काय टाकी?" तेव्हाही तो गप्प राहिला होता.

"दगडाला घासली तर ओरखडा पायजे," विक्रम आता म्हणाला, अगदी हळू. "ओरखडा न्हाई. किल्ली देता का?"

"मी खोलती," साखरबाई म्हणाली.

तिनं कनवटीची किल्ली काढली, कुलूप काढलं, दोन्ही हातांनी झाकण धरून पिळलं. रस्त्यावर त्या वेळी एकही गाडी नव्हती आणि मच्छिंद्रनं नुकतंच इंजिन बंद केलं होतं, म्हणून सगळं नीट ऐकू आलं. आधी एक लांबलचक सुस्कारा. मग 'ढप्प' असा आवाज करून बॅरलचा खळगा बाहेर आला.

"बघा," साखरबाई बोलायला लागली, "उसासा टाकतोय, म्हंजी मला बघून..."

आणि तिथंच ती थांबली.

कोमट दुधाचा कॅन. घट्ट झाकण लावून ठेवला आणि आतलं दूध गार झालं की झाकण आत ओढलं जातं, मग दोघांनी धरलं तरी निघत नाही. निघतं तेव्हा असाच सुस्कारा टाकतं. नव्या नवरीला, प्रगतीला, शेजारणीला, ती गेली चाळीस वर्षं हेच शिकवत आली होती: दुधाला श्वास ठिवावा बाई, आवळून टाकू नये. टाकीतलं डिझेल पंप ओढून घेत होता आणि त्याच्या जागी आत जायला वाऱ्याला वाट नव्हती. तिनं रबर लावून बुजवली होती. ट्रक तिला भीत नव्हता. तो तीनदा तिची वाट बघत होता, ती येऊन त्याच्या नरड्यावरचा हात कधी काढते म्हणून.

मच्छिंद्रचं तोंड उघडायला लागलं होतं आणि त्यातून हसणं बाहेर पडणार हे आंधळ्याला दिसलं असतं. विक्रमनं त्याच्या पायावर पाय दिला.

"नळीत कचरा आसंल मिस्त्री," विक्रम म्हणाला.

"कचरा?" मच्छिंद्र कळवळत म्हणाला.

"कचरा. फुंकर मारली की निघंल." त्यानं नळी टाकीला परत जोडली, तोंडात फडक्याचं टोक धरून हात पुसले, आणि मग ते फडकं घडी करून झाकणाखाली असं ठेवलं की झाकण अर्धवटच टेकावं. "धूळ जाईल, म्हणून," तो कुणालाच न सांगता म्हणाला. कुलूप त्यानं साखरबाईच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी, वाकून, वाण दिल्यासारखं.

साखरबाई मुकाट केबिनमध्ये चढली. केडगावपर्यंत ट्रक एकदाही अडला नाही आणि तीही एक शब्द बोलली नाही. मच्छिंद्रला त्या शांततेची इतकी भीती वाटली की तो पिशवीतले पाने मोजत बसला.

गुऱ्हाळावर ऊस उतरायला दोन तास लागणार होते. विक्रम म्हणाला, "मिस्त्री, येळ हाय तर पंपाचं टायमिंगबी बघून घ्या, डिझेल कवा सुटतंय त्ये. धूर उगीच न्हाई."

"टायमिंग खुणेवर बांधलंय मी," मच्छिंद्र म्हणाला. "कंपनीच्या खुणेवर. केसभर हालंल तर मिशी काढीन."

पण पंपाजवळचं काळं तेल पुसल्यावर कंपनीच्या खुणेपासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर छिन्नीनं मारलेली एक वाकडी खाच दिसली. दिवाळीत मच्छिंद्रनं ती बघितली होती आणि कुणीतरी अडाण्यानं हातोडा मारला असेल म्हणून सोडून दिली होती. विक्रमनं सासऱ्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"मामा, पंपावर छिन्नीची खाच हाय. कुणी मारलीया?"

"मी," भैरू म्हणाला.

"आवो, मग सांगायचं न्हाई व्हय!" मच्छिंद्र ओरडला.

"इचारायचं न्हाई व्हय?" भैरू शांतपणे म्हणाला. "पंप एका गाडीचा, इंजिन दुसऱ्या गाडीचं. कंपनीची खूण कशी जमंल? मी पहिल्या नळीतला थेंब बघून टायमिंग बांधलंय. थेंब थांबतो तिथं खाच मारलीया. कंपनीच्या खुणेवर बांधलं तर डिझेल उशिरा पेटतंय, धूर मारतंय, आन् पितंयबी जास्त."

पितंयबी जास्त. साखरबाईनं हातातल्या कामटीकडं बघितलं. तिसरी खाच.

मच्छिंद्र मिशीवर हात ठेवून उभा होता.

"आन् एक," फोनमधून भैरू म्हणाला, "टाकीच्या झाकणाला मी खिळ्यानं भोक पाडलंय, त्ये बुजलं न्हाई ना कुठं? त्ये बुजलं तर ट्रक गुदमरतोय."

गुऱ्हाळाच्या कढईखाली चिपाडं तडतडत होती. साखरबाई फोनकडं बघत राहिली. आता बोललं की न्हावऱ्यात पोचलं. मच्छिंद्रच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"न्हाई मामा," विक्रम म्हणाला. "भोक हाय. चांगलं हाय. मामींचं लक्ष असतंय."

साखरबाईनं तोंड फिरवलं आणि पदरानं रसाची माशी हाकलली. तिथं माशी नव्हती.

मच्छिंद्रनं पहिल्या नळीचं टोक खोललं. विक्रम पहारीनं इंजिन इंचाइंचानं फिरवायला लागला. नळीच्या तोंडातून डिझेलचे थेंब पडत होते, पडत होते, आणि एका जागी थांबले. मच्छिंद्रनं पंप फिरवून पाहिला, खाली वाकून खुणा बघितल्या. भैरूची वाकडी खाच बरोबर समोर. त्यानं नट आवळले. ट्रक सुरू केला तर धुराची काळी शेपटी गेली होती, आणि आवाज असा, जसा बारा वर्षं साखरबाईनं गोठ्यात बसून दुरून ओळखला होता.

परतीला विक्रमनं न्हावऱ्याच्या दारात ट्रक लावला. साखरबाईनं उतरून कामटी बुडवली. येताना ट्रक रिकामा होता खरा, तरी एवढं डिझेल उरेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं कामटी गुडघ्यावर धरून मोडली आणि चुलीत घातली. प्रगतीनं बघितलं.

धोंड्याच्या जेवणाला एक अडचण होती. जावयाला आवतण द्यायचं असतं, आणि हा जावई घरातच. साखरबाईनं त्यावर तोड काढली. तिनं सकाळीच विक्रम-प्रगतीला दाराबाहेर काढलं, "जरा येशीपतूर फिरून या" म्हणाली, आणि परत आल्यावर उंबऱ्यात पायावर पाणी घालून आत घेतलं. भैरू काळ्या चष्म्यातून बघत म्हणाला, "आयला, दीड वर्सानं जावई आला."

धोंडे झाले, आमटी झाली. मग साखरबाईनं तांब्याचं ताट आणलं, वर खणाचा रुमाल. रुमाल काढला. तेहतीस अनारसे, एकाला एक जाळीदार. त्यांच्यावर निरांजन. आणि निरांजनाच्या बाजूला, राखेनं नि चिंचेनं घासून चांदीसारखं केलेलं, भैरूचं जुनं झाकण. मधोमध खिळ्याएवढं भोक. त्यावर कुलपाची किल्ली, हळद-कुंकू लावून.

बाहेर टिप्या आपल्या भाकरीच्या भांड्याची जागा हुंगत हिंडत होता.

"धोंड्यात भोकाचंच वाण द्यायचं असतंय," साखरबाई ताट पुढं करत म्हणाली. "जाळी नसली तर वाण पोचत न्हाई म्हणत्यात. म्हणून दिलंय. दुसरं काय समजू नका."

विक्रमनं झाकण उचललं. उजेडासमोर धरलं. त्या भोकातून त्यानं सासूकडं बघितलं, आणि सासूनं बघू दिलं.

"मामी," तो म्हणाला, "ह्याला भोक एकच हाय. शास्त्राप्रमाणं तेहतीस पायजेत."

"बाकीची बत्तीस," साखरबाई म्हणाली, "रांजणगावच्या कंपनीला फोन करून झाला की पाडून देती. खिळा हाय माझ्याकडं."

भैरूनं चष्मा काढला. आता त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि उभ्या संसारात त्याला हे असलं काही बघायला मिळालं नव्हतं. प्रगती अनारशात तोंड लपवून खोकत होती. विक्रमनं निरांजनाला हात लावून कपाळाला लावला, किल्ली उचलली आणि खिशात टाकली.

"फोन उद्या करतो," तो म्हणाला. "आज सुट्टी आसंल त्यांची."

"बुधवार हाय आज," प्रगती म्हणाली.

"मग आत्ताच करतो," विक्रम म्हणाला आणि फोन घेऊन पडवीत गेला.

त्यानंतर ट्रक बंद पडला नाही. डेअरीच्या ओट्यावरच्या बायांना त्याचं आश्चर्य वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, कारण करमणूक गेली.

"साखरबाय, आता न्हाई का अडत तुमचा ट्रक?"

"टाप हाय का त्याची," साखरबाई कॅनचं झाकण लावत म्हणाली. लावताना तिनं अंगठ्यानं कड जरा उचलून दुधाला वारा ठेवला. "मी कानात सांगितलंय त्याला."

विक्रम तेव्हाच ट्रक काढत होता. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "व्हय वं," तो बायांना म्हणाला, "मामींनीच सांगितलंय. मी हुतो की तिथं."

मच्छिंद्र पलीकडं टपरीवर चहा पीत होता. मिशी काढलेली, तोंड कसंनुसं. त्याला ठसका लागला.